नर्सबाईंचा गुलाबी

"हलू नोको! जागची हलू नोको!"

यवतमाळजवळच्या कळंबला खोली बघायला गेले, फाटकातून एक पाय आत टाकला आणि हा आवाज आला. दुसरा पाय हवेतच राहिला. साप असणार, दुसरं काय? बाजूला विटांचा ढीग होता, दिवस उन्हाळ्याचे होते. मी डोळे गच्च मिटून उभी राहिले. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात छत्री, एका पायावर. बराच वेळ गेला. शेवटी ओठ न हलवता विचारलं, "गेला का?"

"कोन?"

"साप."

"साप कुठी हाय? तुह्या पेटीवर ऊन पडलं ना व. निळ्या पेटीवर. थे काढून राह्यली मी. आता ढग येते अन् मंग संपला तो निळा."

मी डोळे उघडले. ओट्यावर एक ठेंगणी, गोलमटोल बाई पाटावर कागद घेऊन बसली होती. तोंडात आडवा ब्रश, दुसरा हातात, आणि शेजारी दवाखान्यात असतो तो काजूच्या आकाराचा स्टीलचा ट्रे. त्यात रंगांची थारोळी. ढग आला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे, म्हणजे पेटी सोडून माझ्याकडे, पहिल्यांदा पाहिलं.

"खोली आवडली का?" त्यांनी विचारलं.

मी अजून फाटकातच होते. पण "आवडली" असं म्हणून गेले. तिथे मी चार वर्षं राहिले.

गावात त्यांना सगळे नर्सबाई म्हणत. मी नुसतं बाई म्हणायची. तीस वर्षं त्यांनी आसपासच्या खेड्यांमधल्या उपकेंद्रांत बाळंतपणं केली होती. मग गुडघे गेले म्हणून नोकरी तीन वर्षं आधीच सोडली. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं काहून केलं नाई, तर म्हणत, "दुसऱ्यांच्या बाळंतपनातून सवड भेटली नाई." कळंबच्या बाजारातून त्यांच्यासोबत चालणं म्हणजे मिरवणूक असायची. निम्मं गाव त्यांच्या हातांत जन्मलेलं. भाजीवाला, पिठाच्या गिरणीचा मालक, एसटीचा कंडक्टर, कुणालाही त्या सरळ सांगत, "तू उलटा आलता. पाय आधी. तवापासून तुह्यं सगळं उलटंच." आणि तो मिशीवाला मोठा माणूस लाजून टोमॅटो निवडून द्यायचा.

चित्रकला त्यांना कुणी शिकवली नाही. उपकेंद्रात असताना एकदा वरचे साहेब तपासणीला येणार होते आणि भिंतीवर पोषक आहाराचा तक्ता हवा होता. त्यांनी शाळेसमोरच्या दुकानातून लहान मुलांची बारा वड्यांची रंगपेटी आणली आणि तक्त्यावर एक वांगं काढलं. रंगवता रंगवता जांभळा संपत आला. वांग्याच्या वरच्या अंगाला एक ठिपका कोरा राहून गेला. तक्ता वाळला तेव्हा वांगं चमकत होतं.

"मी तं भेलीच," बाई सांगत. "जिथी मी काहीच केलं नाई, नेमकं तिथीच थे चमकून राह्यलं होतं! अन् बाकीचं जिथी मेहनत केली, थे आपलं मढ्यासारखं पडलेलं."

साहेब आले, तक्ता पाहिला, सही केली, गेले. बाई त्या वांग्यापाशीच राहिल्या. त्या आठवड्यात त्यांनी एकोणीस वांगी काढली. मग टमाटे, मग लसीचा डबा, मग उपकेंद्राच्या पायरीवर बसलेल्या बायका. दर उन्हाळ्यात नवीन रंगपेटी यायची. साधने सगळी दवाखान्यातली. पाण्याचे थेंब टाकायला सुईविना सिरिंज, जास्त झालेला रंग टिपायला कापसाचा बोळा, कागद ताणून बसवायला चिकटपट्टी. रंगांची नावंही तिथलीच. आयोडिनी, काविळी, जखमेवरच्या औषधाचा जांभळा. एकदा संध्याकाळचं आभाळ पाहून त्या अगदी हरखून म्हणाल्या, "अगागा, पाह्य! तीन दिवसांच्या पोराच्या शीचा रंग!" माझ्या हातातला पोह्यांचा घास तसाच राहिला.

प्रत्येक चित्राच्या मागे त्या नोंद करायच्या. जन्माची वेळ, आणि खाली "सुखरूप". फसलेल्या चित्राच्या मागे "दगावलं" लिहायच्या, पण फाडायच्या नाहीत. पलंगाखाली दगावलेल्यांचा मोठा गठ्ठा होता. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तो बाहेर काढून त्याला ऊन देत.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. मला वाटायचं, रंगांचं शास्त्र आपल्याला यांच्यापेक्षा जास्त कळतं. एकदा मी त्यांना प्रकाश, लोलक, सात रंग असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, पोर जन्मते तवा निळं असते. रडलं की गुलाबी होते. पायाच्या तळव्यापासून नाई, छातीपासून सुरू होते थो गुलाबी, अन् मंग पसरते. तीस वर्सं मी फक्त थो एक गुलाबी येते का नाई हेच पाहून राह्यली होती. आला तं गूळ वाटला, नाई आला तं…" त्यांनी ब्रश धुतला. "थो गुलाबी अजून मले जमला नाई. तुह्या लोलकात हाय का थो?"

नव्हता.

त्यांच्यासोबत राहायचं म्हणजे सगळं थंड खायचं. चहा आला की आधी त्याच्या वाफेचं चित्र. भाकरी आली की तिच्यावरच्या काळ्या डागांचं चित्र. मुख्याध्यापक एकदा घरी आले, तर बाईंनी त्यांना पाऊण तास नुसतं खुर्चीवर बसवून ठेवलं, कारण टकलावर खिडकीचा चौकोन पडला होता. आणि ब्रश धुवायचा पेला व चहाचा पेला एकाच आकाराचे होते. चार वर्षांत मी तीन वेळा हिरवं पाणी प्याले, एकदा तपकिरी. बाईंनी किती वेळा प्यायलं याची गणतीच नाही. त्या घोट घ्यायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि म्हणायच्या, "साखर कमी हाय."

त्या रंगपेटीत एक गंमत होती. बारा वड्यांपैकी अकरा वड्या झिजून खड्डे पडलेले असत आणि बारावी, पांढरी, दुकानातून आणली तशीच कोरी. त्या पांढऱ्या रंगाला हात लावत नसत. पांढरं हवं तिथे कागद सोडायचा, वांग्यावर सोडला तसा. "पांढरा लावता येत नाई," त्या म्हणत, "थो वाचवावा लागते."

माझ्या दुसऱ्या वर्षी कापसाचं सगळंच बिघडलं. एका वर्षाचं ते नव्हतंच. पण त्या हंगामात पीक घरात आलं आणि खरेदी केंद्राचं फाटक बंद झालं. रस्त्याच्या कडेला बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग पार बाभुळगावच्या दिशेला दिसेनाशी होईपर्यंत. लोक गाडीखालीच झोपायचे. मग कंटाळून माघारी जायचे आणि कापूस घरात भरायचे. माणसं ओसरीत, कापूस घरात. आणि बाहेरगावच्या गाड्या यायच्या, कॅमेरे घेऊन. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव सगळीकडे झालं होतं आणि ते कशानं झालं, ते आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

एके दिवशी शाळेतून घरी आले तर माझ्या खोलीचं दार उघडेना. जोर लावला तर फटीतून कापूस बाहेर आला. आत जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत कापूस. पलंग नाही, टेबल नाही, माझी निळी पेटी नाही. मी ओरडले, "बाई, माझी खोली!"

"हाय ना, कुठी गेली?" बाई ओट्यावरून म्हणाल्या. "खाली हाय सगळं. वनिताचा कापूस हाय थो. तिच्या घरी एकच खोली, अन् थी बी गळते. कुठी ठेवंन? आपल्याकडे दोन खोल्या अन् दोन बाया."

वनिता दोन कोसांवरच्या खेड्यातली. तिचाही जन्म बाईंच्याच हातांत झाला होता. तिचा नवरा त्या हंगामाच्या आधीच गेला होता. कसा गेला हे त्या वर्षांत कुणाला विचारायची पद्धत नव्हती. ती उंच, हाडकुळी, तीस वर्षांची असेल. घरी सासू आणि एक मुलगी. वावर तिनेच केलं, कापूस तिनेच वेचला आणि गाडी हाकत तिनेच आणला. त्या दिवशी ती ओट्याच्या कडेला बसून चहा पीत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, तुमाले तरास झाला."

मी म्हणाले, "नाही हो, मला मऊ झोप आवडते." विनोद बरा नव्हता. ती हसली नाही.

पुढचे तीन महिने मी बाईंच्या खोलीत राहिले. पण कापसातले किडे भिंतीतून येतच. दोघींनाही अशी खाज सुटली की विचारू नका. बाईंनी ठेवणीतलं गुलाबी औषध काढलं आणि दोघींना कपाळापासून तळव्यापर्यंत लावलं. वाळल्यावर त्याचे पोपडे धरत. मी तशीच शाळेत गेले. नववीच्या वर्गात मी रक्ताभिसरण शिकवत होते आणि समोर साठ मुलं बाकाखाली डोकी घालून हसत होती. बाईंनी ते औषध कागदावरही लावून पाहिलं. गुलाबी आलाच नाही. त्यालाही पोपडे धरले. मागे लिहिलं, "दगावलं. खाज मात्र गेली."

आणि कापसाची चित्रं सुरू झाली. दार काढून घेतलं होतं. चौकटीत छतापर्यंत तो पांढरा डोंगर. बाई समोर स्टुलावर. पहिल्या दिवशी एक चित्र दगावलं, दुसऱ्या दिवशी तीन. कागद कोरा सोडला तर कोराच दिसतो, रंग लावला तर घाण दिसते. त्या जेवायच्या थांबल्या. मला म्हणाल्या, "पाह्य, खिडकीपाशी थो निळा हाय. बल्बखाली काविळी. खाली जिथी दबला हाय तिथी राखाडी. अन् तरी सगळा पांढराच! कसा काय?"

एका दुपारी त्यांनीच सांगितलं, पांढऱ्याची एवढी ओढ कुठून आली ते. त्या पाच-सहा वर्षांच्या असताना वडील त्यांना खांद्यावर घेऊन नागपूरला दीक्षेला गेले होते. आईने रात्रभर धुऊन, वाळवून वडिलांचं धोतर आणि बाईंचा फ्रॉक पांढरा केला होता. "खांद्यावरून मी पाह्यलं, जिथवर नजर जाते तिथवर लोक, अन् सगळे पांढरे. पन कोनाचा नीळ घातलेला, कोनाचा राखेनं धुतलेला, कोनाचा जुना पिवळा पडलेला. एक बी पांढरा दुसऱ्यासारखा नाई. माह्या बापानं विचारलं, काय पाहून राह्यली? मी म्हटलं, बाबा, पांढरे किती असतात?" बाई हसल्या. "बाप म्हणे, आजपासून मोज."

तो कापूस त्यांना अठराव्या चित्रात जमला. त्या दिवशी आम्ही दोघींनी जिलेबी खाल्ली, तीही गरम, कारण त्यांनी तिचं चित्र काढलं नाही.

वनिता आठवड्याच्या बाजाराला यायची, कापूस पाहायची, चहा घ्यायची. एकदा ती अठरावं चित्र फार वेळ पाहत बसली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "बाई, माहा एक फोटो काढान का?"

"काढतो ना. बस."

"पन हसतानाचा पाह्यजे."

बाईंनी ब्रश खाली ठेवला.

"पेपरवाले येतात ना," वनिता म्हणाली, "थे मले उंबऱ्यावर बसवतात अन् ह्यांचा फोटो हातात देतात. पहिल्यांदा रडू आलं. मंग दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. आता फोटो हातात घेतला का तोंड आपोआप तसंच होते. घरात पाच-सहा पेपर हायेत, सगळ्यांत मी एकसारखी. सासू म्हणे, जपून ठेव. मी कायले जपू थे?"

त्यानंतरचा एक तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड तास होता. वनिताला कापसासमोर बसवलं आणि हसवायला सुरुवात केली. मी शाळेतले विनोद सांगितले. बाईंनी पंचायतीच्या सभापतीची नक्कल केली, मग उलट्या जन्मलेल्या कंडक्टरची. वनिता आपली सभ्यपणे ओठ ताणायची आणि पुन्हा तोंड मिटायची. "जमत नाई बाई," ती म्हणाली, "सवय गेली."

"मान थोडी वर कर," बाई म्हणाल्या. "नाई, तशी नाई. थांब, मीच वरून पाहतो." आणि त्या गुडघ्यांसकट स्टुलावर उभ्या राहिल्या. एका हातात कागद, तोंडात ब्रश. स्टूल तीन पायांवर नीट होतं, चौथ्याची कधीच खात्री नव्हती. ते कलंडलं. बाई वनिताच्या डोक्यावरून, अगदी सावकाश, चौकटीतून आत गेल्या. डोंगर क्षणभर थांबला, मग वरचा सगळा कापूस त्यांच्यावर आला. आवाज झाला नाही. बाहेर राहिले फक्त दोन पाय, एकात चप्पल.

मी किंचाळले. वनिता उठली, पाय धरून ओढायला लागली. पाय हलले. आतून, खूप लांबून आल्यासारखा आवाज आला, "चप्पल सांभाळा माही!"

आणि वनिता हसली. आधी नाकातून, मग पोटातून. तिने पाय सोडले, खाली बसली, चौकटीला डोकं टेकवलं. उभी राहायचा प्रयत्न करायची, त्या एका चपलेकडे बघायची आणि पुन्हा खाली. मीही हसत होते, पण माझ्याकडे कोण बघतंय? तेवढ्यात कापसातून डोकं बाहेर आलं. भुवया, पापण्या, केस, सगळं पांढरं.

"थांबू नोको!" बाई ओरडल्या. "हसनं थांबवू नोको! मॅडम, कागद! पानी!"

कापसात कमरेपर्यंत रुतलेल्या अवस्थेत त्यांनी ते चित्र काढलं. ब्रश हरवला होता, म्हणून बोटाला कापूस गुंडाळून काढलं. मी ट्रे धरून उभी होते आणि माझ्या हसण्याने रंग हिंदकळत होते. चित्रात मागे सगळा पांढरा, आणि पुढे तोंड उघडं टाकून, डोळे मिटून हसणारी एक बाई. गालावर, गळ्यावर, छातीकडून वर चढत गेलेला गुलाबी. बाईंनी तो लावला आणि हात मागे घेतला. मग हळूच म्हणाल्या, "आला."

त्याच महिन्यात यवतमाळला एक चित्रप्रदर्शन होतं. विषय होता कापूस उत्पादकांची व्यथा. बाईंची चित्रं तोवर घराबाहेर गेली नव्हती. मीच हट्ट धरला. वनिताला विचारलं, तर ती म्हणाली, "मी बी येतो." मग चित्र चादरीत गुंडाळून आम्ही तिघी एसटीने गेलो.

संयोजक गृहस्थ सज्जन होते. हॉलमध्ये भेगाळलेल्या जमिनी, वाळलेली झाडं, डोक्याला हात लावून बसलेले म्हातारे, असं ओळीनं लावलेलं होतं. त्यांनी बाईंचं चित्र पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"चित्र फारच सुरेख आहे. पण बाई, आपला विषय…"

"कापूसच हाय ना?" बाई म्हणाल्या. "सगळा कापूसच हाय पाठीमागं."

"पण ही हसते आहे."

"हाव. कापसातच हसून राह्यली."

"बाहेर काय परिस्थिती आहे, तुम्हाला माहीत आहे…"

तेव्हा वनिता पुढे झाली. "साहेब, परिस्थिती माहीच हाय," ती म्हणाली. "अन् हसून बी मीच राह्यली. तुमाले दोन्हीपैकी एकच पाह्यजे का?"

त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. चित्र लागलं. चहाच्या टेबलापाशी लागलं, पण लागलं. आणि चहा प्यायला आलेला माणूस तिथून हलेना. त्याच्याकडे पाहून दुसरा हसायचा, दुसऱ्याकडे पाहून तिसरा. वनिता शेजारी उभी राहून सगळ्यांना सांगत होती, बाई कशा पडल्या ते, चपलेसकट. एका पेपरचा बातमीदार आला, त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्याच ना? मी तुमच्या घरी आलो होतो, फोटो काढला होता."

"थो फोटो पुरे झाला," वनिता म्हणाली. "आता ह्याचा काढा."

त्याने चित्राचा फोटो काढला. म्हणाला, उद्याच्या पेपरात बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच बाई आणि मी कळंबच्या एसटी स्टँडवर. पेपरचे गठ्ठे नुकतेच उतरले होते. बाईंनी पेपरवाल्याच्या हातातून एक ओढला, चौथं पान उघडलं आणि तिथंच बसल्या.

चित्र छापलं होतं, पण काळंपांढरं. गुलाबी गेला, निळा गेला, काविळी गेला. उरली ती मिटलेल्या डोळ्यांची, तोंड वासलेली एक काळी बाई, मागे राखाडी ढग. आणि खाली कुणीतरी सवयीने छापून टाकलं होतं, "कापूस उत्पादक महिलेचा आक्रोश."

मी पेपराची घडी घालायला लागले. बाई मात्र उठल्या. "आठच्या गाडीनं वनिताच्या गावचे पेपर जातात," त्या म्हणाल्या. "मॅडम, पळ. ट्रे आन, पानी आन, बोळे आन."

मी पळाले. परत आले तेव्हा बाई पेपरवाल्याच्या फळीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि तो डोक्याला हात लावून उभा होता.

"बाई, ओले पेपर कोन घेईन? माहा धंदा बसवता का?"

"तुह्या दोनी पोरांची नाळ मी कापली. पानं उघडून दे, चल."

पेपरचा कागद म्हणजे पाणी प्यायला टपलेला. एक थेंब जास्त झाला की भोक. बाई बोळा बुडवायच्या, पिळायच्या, पुन्हा पिळायच्या आणि मग गालाला फक्त टेकवायच्या. दोन टिपक्या गालावर, एक गळ्यावर, ओठांना जरा. आणि जादू अशी की तेवढ्याने ती रडणारी बाई हसायला लागायची. प्रत्येक प्रतीत, आमच्या डोळ्यांदेखत. मी माझ्या तपासणीच्या लाल पेनाने "आक्रोश" खोडून वर "हसू" लिहीत होते. पेपरवाला पानं हलवून वाळवत होता. पहिल्या दहा प्रतींनंतर तो म्हणाला, "ह्यात गाल जरा कमी झाला, बाई." मग लोक जमले. रोजची गिऱ्हाइकं कोरा पेपर घेईनात. "मले बी गुलाबीवाला पाह्यजे!" आठची गाडी लागली, तर तो उलटा जन्मलेला कंडक्टर खाली उतरून रांगेत उभा राहिला आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला. वनिताच्या गावच्या सहाही प्रती गेल्या. उरलेल्यांतल्या एकीत गुलाबी जास्त झाला आणि शेजारच्या रकान्यात, कापसाच्या भावांवर पसरला. ती मी ठेवून घेतली. शाळेत त्या दिवशी मी उशिरा गेले, मुख्याध्यापकांच्या टेबलावर गुलाबी पेपर उघडा होता, आणि ते मला काहीच बोलले नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. बाहेर बायका. सात-आठ तरी असतील, डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं. "हसतानाचा काढून देता म्हणे?" मग दर बाजाराला तेच. बाई ओरडायच्या, "एकेकीनं! दवाखाना हाय का जत्रा?" ओट्यावर हसायला आलेल्या बायका रांगेतच हसून घ्यायच्या आणि नंबर आला की गंभीर व्हायच्या.

एका बाजाराला वनिताने सासूला आणलं. म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. मुलगा गेल्यापासून ती कुणाशी दोन शब्दांपलीकडे बोलली नव्हती. ती पाटावर बसली, पदर सारखा केला आणि बाईंना म्हणाली, "मले हस म्हणू नोको. मी आपली बसतो. आलं तं येईन."

"बस," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद ताणला आणि हात मांडीवर ठेवले.

रांगेतल्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. कुणी विनोद सांगितला नाही, कुणी स्टुलावर चढलं नाही. बाजार भरला, उतरायला लागला. कुणीतरी चहा आणून ठेवला. त्याच्यावर साय धरली. वनिता सासूच्या पाठीमागे उभी होती, तिला तोंड दिसत नव्हतं. बाई मात्र पाहत होत्या, तीस वर्षं पाहिलं तशा, घाई न करता.

केव्हातरी म्हातारीने हात पुढे केला, समोरचा पेला उचलला आणि एक मोठा घोट घेतला. थांबली. पेल्यात पाहिलं. ओठांवरून निळं पाणी हनुवटीवर ओघळलं. तिने बाईंकडे पाहिलं, मग वळून सुनेकडे, मग पुन्हा पेल्यात. आणि ते बोळकं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"आलं व माय!" ओट्यावरच्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या. "आलं, आलं!"